मासेमारीच्या फेऱ्यांची नोंदवही: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने लिहावं

गळाने मासे धरणाऱ्या बहुतेकांकडे काही ना काही नोंद असतेच. फोनमधले फोटो, ग्रुपवर टाकलेली वजनं, एखाद्या जुन्या डायरीतली चार-सहा पानं. तरीही पुढच्या वर्षी "मार्गशीर्षात पानशेतला रोहू कशावर लागत होता?" असं विचारलं की उत्तर सापडत नाही. चूक जवळपास नेहमी एकच असते: मासा मिळाला तेव्हाच लिहिलं जातं, आणि माशाबद्दलच लिहिलं जातं. गळ किती तास पाण्यात होता, पाणी चढत होतं की उतरत होतं, आणि कुठल्या दिवशी हात हलवत परत आलो, यातलं काहीच वहीत नसतं. मग पाच किलोचा कटला दहा तासांच्या बैठकीत मिळाला की शंभर तासांच्या, हे कळायला मार्ग उरत नाही.

खालचे टप्पे खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, भाटघर, चासकमान आणि उजनीचं बॅकवॉटर अशा ठिकाणी काठावर बसून गळ टाकणाऱ्यांसाठी आहेत. क्रम महत्त्वाचा आहे, तो बदलू नका.

परवानगी आधी

तलावांतली मासेमारी सहसा मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. हौशी गळवाल्यानेही त्या तलावावर परवानगी कोण देतं हे आधी विचारून पावती घ्यावी. पावतीचा नंबर आणि मुदत वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. धरणाची भिंत, सांडवा आणि मनाईचा फलक असलेला काठ या जागा वहीत येताच कामा नयेत.

टप्पा १: वहीला काय विचारायचंय ते ठरवा

पहिल्याच दिवशी तीस रकाने आखणारा माणूस तिसऱ्या फेरीला वही सोडतो. आधी दोन प्रश्न निवडा, तेही उत्तर देता येईल असे. "हिवाळ्यात सकाळ बरी की संध्याकाळ?" हा चांगला प्रश्न आहे. "पाणी उतरत असताना जास्त लागतात की स्थिर असताना?" हाही चांगला. "मासे कधी लागतात?" हा प्रश्न नव्हे, त्यातून रकाना निघत नाही.

प्रश्न ठरला की लागणारे रकाने आपोआप ठरतात. पहिल्या वर्षी फेरीसाठी बारा आणि माशासाठी आठ रकाने भरपूर झाले.

टप्पा २: साहित्य जमवा आणि घरीच तपासा

वही: शिवणीची, जाड पुठ्ठ्याची, खिशात मावणारी. स्पायरल वहीची पानं ओलसर हातांनी सुटतात. अप्पा बळवंत चौकात हव्या त्या मापाची मिळते. झिपच्या पिशवीत ठेवा.

पेन्सिल: एचबी, दोन. जेल पेनाची शाई एका थेंबाने पसरते, बॉलपेन ओल्या कागदावर उठत नाही. पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधून टाका.

मोजनळी: ही स्वतः बनवावी लागते आणि सगळ्या साहित्यात हीच सर्वांत कामाची. चार इंची पीव्हीसी पाइपचा ८० सेंटीमीटरचा तुकडा घ्या, लांबीने मधोमध चिरून घ्या, एका टोकाला झाकणाचा अर्धा भाग चिकटवा. आतल्या बाजूला न ताणली जाणारी पट्टी चिकटवा. शिंप्याची टेप नको, ती ओली होऊन ताणली जाते. पट्टीचा शून्य झाकणाच्या आतल्या भिंतीला टेकलेला हवा. शाळेच्या पट्टीला शून्याआधी जी मोकळी कड असते ती कापली नाही, तर प्रत्येक मासा तेवढाच कमी मोजला जातो आणि वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

वजनकाटा: हुकाचा डिजिटल काटा. घरी दोन वजनांवर तपासा: मिठाचा एक किलोचा सीलबंद पुडा, आणि तसे तीन पुडे एकत्र. पुड्याच्या प्लास्टिकचे चार-पाच ग्रॅम सोडून जास्त फरक दिसला तर तो वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा, ओल शिरली की काटा भरकटतो.

थर्मामीटर: फिशटँकच्या दुकानात मिळणारा काचेचा साधा पुरतो.

पारदर्शकतेची तबकडी: २० सेंटीमीटर व्यासाचं प्लास्टिकचं झाकण, त्यावर चार पाव भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवलेले, खाली शिशाचं वजन, मधून दोरी. दोरीला दर १० सेंटीमीटरवर गाठ. "पाणी गढूळ होतं" या वाक्याची दोन माणसांत तुलना होत नाही, "३५ सेंटीमीटर" या आकड्याची होते.

तपासणी: मोजनळीत ३० सेंटीमीटरची स्टीलची पट्टी ठेवून पाहा. आकडा ३० नसेल तर शून्य चुकलाय.

टप्पा ३: पान आखा

डावं पान फेरीचं, उजवं माशांचं. हा नियम मोडू नका, कारण एका फेरीला एकच डावं पान असेल आणि उजवं पान कोरंही राहू शकेल. कोरं उजवं पान ही पूर्ण नोंद आहे. त्यावर "०" लिहून खाली रेघ मारायची.

डाव्या पानावर: फेरी क्रमांक, तारीख, तलाव आणि जागा, धरणाचा साठा, साठ्यातला बदल, हवेचा दाब, वारा, पाण्याचं तापमान, पारदर्शकता, आमिष, गळ पाण्यात असल्याच्या वेळा, टोच (माशाने आमिषाला तोंड लावल्याचा झटका).

उजव्या पानावर: वेळ, जात, लांबी, वजन, खोली, कुठल्या रॉडवर, आमिष, सोडला की घेतला.

जातींसाठी ठरावीक खुणा पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि त्याच वापरा. घाईच्या अक्षरात मृगळ आणि मरळ सारखेच दिसतात, आणि त्या दोन माशांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक मातीतलं खाणारा कार्प, दुसरा शिकारी. मृ, मर, क (कटला), रो (रोहू), साय (सायप्रिनस), चि (चिलापी), वा (वाम), शिं (शिंगाळा) अशा खुणा पुरतात.

टप्पा ४: घरून निघण्याआधी

चार गोष्टी घरातच लिहायच्या. काठावर रेंज नसते, आणि घरी आल्यावर आठवणीने लिहिलेला आकडा बहुतेक वेळा चुकतो.

धरणाचा साठा. जलसंपदा विभागाचे आकडे रोज येतात आणि पावसाळ्यात पुण्याची वर्तमानपत्रंही छापतात. इथे तीन चुका सर्रास होतात.

पहिली: "खडकवासला साखळी ७० टक्के" हा आकडा लिहिणं. तो चार धरणांचा मिळून आहे. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२ आणि टेमघरची ३.७१. वरच्या धरणांतून पाणी खाली खडकवासल्यात सोडलं जातं, त्यामुळे पानशेत झपाट्याने उतरत असताना खडकवासला जागच्या जागी असू शकतो. ज्या पाण्यात गळ टाकणार त्याच धरणाचा आकडा लिहा.

दुसरी: उजनीचं वजा चिन्ह गाळणं. उजनीत ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे आणि टक्केवारी त्याच्यावरच्या उपयुक्त साठ्याची दिली जाते. उन्हाळ्यात ती शून्याखाली जाते. "वजा २०" आणि "२०" यांच्यात काठ कित्येकशे मीटर सरकलेला असतो.

तिसरी आणि सगळ्यांत महागात पडणारी: फक्त आजचा आकडा लिहिणं. मासा किती पाण्यात आहे यापेक्षा पाणी चढतंय की उतरतंय याचा फरक जास्त पडतो. म्हणून आजचा, कालचा आणि आठवड्यापूर्वीचा असे तीन आकडे लिहा.

हवेचा दाब. फोनमधला दाबमापक पुण्यात साधारण ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास दाखवतो. हवामानाचं अ‍ॅप त्याच वेळी १०१० म्हणतं, कारण ते समुद्रसपाटीला आणलेला आकडा देतं. दोन्ही बरोबर आहेत, पण एका रकान्यात एकत्र आले की नोंद वाया. शिवाय उंची शंभर मीटरने वाढली की दाब साधारण ११ ने उतरतो, त्यामुळे शहरातून पानशेतला चढून गेल्यावर "दाब पडला" असं वाटतं. पडलेला काही नसतो, आपण वर आलेलो असतो. अ‍ॅपचाच आकडा घ्या, नेहमी एकाच अ‍ॅपचा.

याहून बारीक गोष्ट: आपल्याकडे दाब रोज सकाळी दहाच्या सुमाराला वर असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली. हवामान बदललं नाही तरी हा चढउतार दोन-तीन हेक्टोपास्कलचा होतोच. "दुपारी दाब पडला आणि मासा लागायचा थांबला" हे अनुमान बहुतेक वेळा यातूनच निघतं. काल याच वेळेला किती होता, तेवढंच विचारायचं.

सूर्योदय. पुण्यात जूनच्या सुरुवातीला तो सहाच्या आसपास असतो, जानेवारीत सातच्या पुढे जातो. सकाळचे साडेसहा म्हणजे एका ऋतूत उजेड, दुसऱ्यात अंधार. वेळेबरोबर सूर्योदय लिहिला की पुढे "उजाडल्यावर किती मिनिटांनी" हे काढता येतं.

तिथी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून पक्ष आणि तिथी उतरवा. छापलेली तिथी सूर्योदयाची असते. रात्री बसणार असाल तर ती किती वाजता संपते तेही पाहा, नाहीतर अमावास्येची रात्र चतुर्दशीच्या नावावर जाते.

सावधान: पावसाळ्यात निघण्याआधी विसर्गाची बातमी वाचा. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी शहरातल्या भिडे पुलावरून वाहतं तेव्हा वरच्या नदीपात्रात माणसाने असूच नये. भोंगा वाजला तर रॉड सोडून वर या, नोंद नंतर.

टप्पा ५: काठावर पोचल्यावर, पहिला गळ टाकण्याआधी

हा टप्पा सगळ्यांत जास्त चुकतो, कारण पाणी दिसलं की हात रॉडकडेच जातो. एकदा टोच सुरू झाली की थर्मामीटर पिशवीतून बाहेर येत नाही. दहा मिनिटं द्या.

१. जागेची खूण. नकाशावर पिन टाका आणि अक्षांश-रेखांश वहीत उतरवा. "वडाच्या झाडाखाली" पुरेसं नाही. तलाव उतरला की दिवाळीत बसलेली जागा मे महिन्यात कोरडं माळरान असते आणि पाणी खूप खाली गेलेलं असतं. अक्षांश-रेखांश आणि त्या दिवसाचा साठा ही जोडी मिळूनच जागा ठरते.

२. वारा. तो कुठून येतोय ते लिहा, कुठे जातोय ते नाही. त्यापुढे तोंडावर, पाठीवर की आडवा. जोर पाण्यावरून: पाणी काचेसारखं, बारीक लहरी, मोठ्या लाटा, लाटांवर फेस. अ‍ॅपमधला वाऱ्याचा वेग घाटाखालच्या खोऱ्यात फारसा जुळत नाही.

३. पाण्याचं तापमान. थर्मामीटर दोरीने ३० सेंटीमीटर खाली सोडा, दोन मिनिटं थांबा, वर काढताच स्वतःच्या सावलीत वाचा. काठाच्या घोटाभर पाण्यात मोजू नका. दुपारी तिथलं पाणी दोन-तीन अंशांनी सहज जास्त तापलेलं असतं आणि मासा तिथे नसतो.

४. पारदर्शकता. गॉगल काढा. तबकडी दिसेनाशी होईपर्यंत सोडा, गाठ मोजा. मग हळूहळू वर ओढा, पुन्हा दिसली की गाठ मोजा. दोन्हींची सरासरी लिहा.

५. खोली. गळाशिवाय नुसतं शिसं तळाला टेकवून दोर मोजा. ज्या अंतरावर गळ टाकणार त्या अंतरावरची खोली हवी, पायाखालची नव्हे.

६. आमिष आणि गळाचा साज. "कणीक" एवढ्याने भागत नाही. "शेंगदाणा पेंड २ भाग, कणीक १ भाग, मुठीएवढा गोळा" असं लिहा. आधी खाद्य टाकलं असेल तर किती आणि कधी. गळाचा नंबर कंपनीच्या नावासह हवा, कारण एकाच नंबरचे गळ दोन कंपन्यांत लहानमोठे निघतात. आणि नंबर जितका मोठा तितका गळ लहान, पण १ नंतर १/०, २/० असे आकडे लागले की उलट, तिथे आकड्यासोबत गळही वाढतो. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, किती जाड ते मिलिमीटरमध्ये लिहा: ०.३०, ०.३५.

तपासणी: डाव्या पानावर अजून दोनच रकाने रिकामे असायला हवेत, गळाच्या वेळा आणि टोच. बाकी काही रिकामं दिसत असेल तर रॉड उचलू नका.

टप्पा ६: गळ पाण्यात असताना

प्रत्येक रॉडसाठी वेगळी ओळ. गळ पाण्यात गेला की वेळ, बाहेर आला आणि पाच मिनिटांहून जास्त बाहेर राहिला की वेळ. आमिष बदलायला लागलेली दोन मिनिटं सोडून द्या. गुंता, डबा खाणं, जागा बदलणं हे मात्र वजा व्हायला हवं. "सकाळी सात ते अकरा, दोन रॉड" असं ठोकळ लिहिणाऱ्यांच्या वहीत तास नेहमी फुगलेले असतात.

या वेळांवरूनच वहीतला सगळ्यांत मोलाचा आकडा निघतो: रॉड-तास. दोन रॉड प्रत्येकी चार तास म्हणजे आठ रॉड-तास.

टोच उभ्या रेघांनी मोजा, पाचवी रेघ आडवी. दर तासाला नवी ओळ. मासा एकही न येता तासाला पंधरा टोच येत असतील तर खाली बहुधा चिलापीची पिल्लं आमिष कुरतडताहेत, म्हणजे गळ किंवा आमिष बदलायचं. टोचच नसेल तर जागा बदलायची. टोच लिहिलेली नसेल तर त्या दोन्ही फेऱ्या वहीत एकसारख्याच, "काही नाही" अशा दिसतात.

बसल्या जागी आमिष बदललं तर वेळ टाकून रेघ मारा आणि नवी ओळ सुरू करा. नाहीतर दिवसभराचे तास पहिल्या आमिषाच्या नावावर आणि मासा दुसऱ्याच्या नावावर जातो.

टप्पा ७: मासा काठाला आल्यावर

सोडायचा मासा पाण्याबाहेर शक्यतो अर्ध्या मिनिटाच्या आत परत गेला पाहिजे. म्हणून सगळी मांडामांड आधीच हवी: मोजनळी पाण्याने भिजवून सावलीत, जाळीची पिशवी ओली करून काट्याला लावलेली, आणि काटा त्या ओल्या पिशवीसह शून्यावर. कोरडी पिशवी शून्य करून नंतर ओली वापरली तर प्रत्येक मासा पिशवीतल्या पाण्याइतका जड होतो.

क्रम असा:

१. घड्याळ पाहा. वेळ मोठ्याने म्हणा, लक्षात राहते.

२. हात ओले करा. कोरड्या हाताने खवल्यांवरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे बुरशीने मरू शकतो.

३. गळ पाण्यातच काढता आला तर तिथेच काढा.

४. लांबी. तोंड झाकणाला टेकवा, तोंड मिटलेलं हवं, शेपटीच्या दोन्ही पाती हलक्या हाताने एकत्र दाबून लांब टोकापर्यंतचा आकडा वाचा. अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत, खालच्या बाजूला. काहीजण शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात, तेही चालतं. पण एका वहीत एकच पद्धत, आणि ती पहिल्या पानावर लिहिलेली. कटला-रोहूला या दोन पद्धतींत काही सेंटीमीटरांचा फरक पडतो.

५. वजन. पिशवीत आडवा. कल्ल्यात हुक घालून जिवंत मासा टांगू नका.

६. एकच फोटो, मोजनळीत असतानाच, पट्टीचे आकडे दिसतील असा. हात लांब करून काढलेल्या फोटोवरून पुढे काहीच ताडता येत नाही.

७. सोडा. मग लिहा.

जात ओळखताना घाई करू नका. कटल्याला मिशा नसतात, डोकं मोठं आणि तोंड वरच्या बाजूला उघडतं. रोहूचं तोंड खाली, खालचा ओठ झालरीसारखा, पंखांवर लालसर झाक. मृगळ सडपातळ आणि चंदेरी, शेपटीची खाच खोल. सायप्रिनसला मिशांच्या दोन जोड्या असतात आणि पाठीवरच्या लांब पंखाचा पहिला काटा करवतीसारखा दातेरी लागतो. छोट्या सायप्रिनसला घाईत रोहू म्हणणं ही नेहमीची चूक आहे, पाठीचा पंख आणि मिशा पाहिल्या की ती होत नाही. चिलापीच्या शेपटीवर उभे पट्टे असतील तर नाइल चिलापी, म्हणून चि-पट्टे आणि चि-साधी असे दोन प्रकार लिहा. ओळख पटली नाही तर "?" लिहा आणि फोटो ठेवा. अंदाजाने लिहिलेली जात पुढे कोणीच दुरुस्त करू शकत नाही.

सावधान: पाठीवर कडक प्लेटा असलेला परदेशी सकर मासा उजनीत सापडतो. तो मिळाला तर जागा आणि लांबी नक्की लिहा, पण पाण्यात परत सोडू नका.

निसटलेला मासाही लिहायचा: वेळ, रॉड, किती वेळ लागलेला होता, तंगूस तुटली की गळ सुटला. वजनाच्या रकान्यात अंदाज नको, आडवी रेघ मारा.

टप्पा ८: उठण्याआधी

सगळे गळ बाहेर आल्याची वेळ लिहा. तापमान पुन्हा एकदा घ्या. कचरा आणि तुटलेली तंगूस गोळा करा. रॉड-तासांची बेरीज तिथेच करा, गाडीत बसल्यावर ती होत नाही. भरलेलं पान साधारण असं दिसायला हवं (आकडे नमुन्यासाठी):

फेरी १४. १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, कार्तिक वद्य १२. सूर्योदय ६.४२. पानशेत, पिन ३. साठा ९६%, काल ९६, आठवड्यापूर्वी ९७. दाब १०१४, काल याच वेळी १०१३. वारा पूर्वेचा, पाठीवर, बारीक लहरी. पाणी २४.५ अंश, पारदर्शकता ११० सेंमी, खोली ३.२ मीटर. पेंड २ : कणीक १. गळ ६ नंबर, तंगूस ०.३०.
रॉड १: ६.४० ते १०.१० = ३ तास ३० मि.
रॉड २: ६.५५ ते ८.२०, ८.५० ते १०.१० (मध्ये गुंता) = २ तास ४५ मि.
रॉड-तास ६.२५. टोच: पहिला तास ९, दुसरा ४, तिसरा १, शेवटचा अर्धा तास ०.
मासे: ७.२५ रो ४६ सेंमी १.२५ किलो रॉड १ सोडला. ८.०५ साय ३८ सेंमी ०.९२ किलो रॉड २ घेतला.

टप्पा ९: घरी, त्याच दिवशी

वहीच्या दोन्ही पानांचा फोटो आधी काढा. वही पाण्यात पडते, हरवते, घरच्यांच्या रद्दीत जाते.

मग संगणकावरच्या तक्त्यात उतरवा. दोन वेगळी पानं करा: "फेऱ्या" आणि "मासे". फेऱ्यांच्या पानात एका फेरीला एक ओळ, मासे शून्य असले तरी. माशांच्या पानात एका माशाला एक ओळ, आणि त्यात फेरीचा क्रमांक. एकाच ओळीत "रोहू २, सायप्रिनस १" असं कोंबलं की त्यावर पुढे कुठलाच हिशेब लागत नाही.

तक्त्यात हमखास होणाऱ्या चुका:

देवनागरी अंक. वहीत खुशाल वापरा, तक्त्यात इंग्रजी अंक टाका. बऱ्याच तक्त्यांत देवनागरी आकडा मजकूर म्हणून धरला जातो, बेरीज शून्य येते आणि कारण सापडत नाही.

तारीख. ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे संगणक स्वतःच ठरवून टाकतो. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने टाका: २०२५-११-१६.

शून्य आणि रिकामं. शून्य म्हणजे मोजलं आणि नव्हतं. रिकामं म्हणजे मोजलंच नाही. टोच मोजायची राहिली असेल तर तिथे शून्य टाकू नका.

एकक रकान्याच्या नावात लिहा, आकड्याशेजारी नको. "१.२५ किलो" हाही मजकूरच होतो.

आकडे तपासायला एक सोपा हिशेब आहे. वजन ग्रॅममध्ये घेऊन १०० ने गुणा आणि लांबीच्या (सेंटीमीटर) घनाने भागा. वरच्या रोहूचं: १२५० × १०० भागिले ४६ × ४६ × ४६, म्हणजे १.२८. एकाच जातीच्या माशांत हा आकडा साधारण जवळजवळ राहतो. तुमचे बाकीचे रोहू १.१ ते १.४ मध्ये असताना एखादा ०.५ किंवा ३ आला, तर मासा विचित्र नाही, लांबी-वजनाचा आकडा चुकलाय किंवा जात चुकलीय. कटल्याचा आकडा रोहूपेक्षा जास्त येतो, अंग उंच असतं म्हणून. दोन जातींची तुलना यावरून करू नका.

फोटो पाठवताना: फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ते निघून जातात, "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर तसेच जातात.

टप्पा १०: हिशेब

हंगाम संपल्यावर करा, दर आठवड्याला नको. मूळ आकडा एकच: एकूण मासे भागिले एकूण रॉड-तास. प्रत्येक फेरीची सरासरी काढून पुन्हा त्यांची सरासरी काढू नका. समजा एका फेरीत आठ रॉड-तासांत दोन मासे (०.२५) आणि दुसरीत एका रॉड-तासात एक मासा (१). या दोन आकड्यांची सरासरी ०.६२ येते, पण खरं उत्तर नऊ तासांत तीन, म्हणजे ०.३३ आहे. तासभर बसून नशिबाने मिळालेला मासा अशा चुकीच्या हिशेबात भलताच मोठा होतो.

एका वेळी एकच गोष्ट ताडून पाहा. सकाळ-संध्याकाळ पाहायची असेल तर तलाव, ऋतू आणि आमिष सारखंच असलेल्या फेऱ्या निवडा. हिवाळ्यात फक्त सकाळी आणि उन्हाळ्यात फक्त संध्याकाळी गेला असाल, तर वही वेळेबद्दल काही सांगत नाही, ती ऋतूबद्दल बोलतेय. दोन्ही बाजूंना निदान दहा-दहा फेऱ्या झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये असं आमचं मत आहे. त्याआधी जे दिसतं ते अंदाज म्हणून पेन्सिलीनेच लिहावं, आणि पुढच्या हंगामात मुद्दाम त्याच्या उलट जाऊन बघावं: सकाळ बरी वाटत असेल तर काही फेऱ्या संध्याकाळच्या करा, नाहीतर वही आपलंच मत आपल्याला परत ऐकवत राहते.

टप्पा ११: उन्हाळ्यात रॉडशिवाय एक फेरी

एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हा पिन केलेल्या जागा चालत पाहा. पावसाळ्यानंतर ज्यावर गळ टाकायचा तो तळ आता डोळ्यांसमोर उघडा असतो: बुडालेल्या शेतांचे बांध, विहिरींचे काठ, ओढ्याची जुनी चाकोरी, झाडांचे बुंधे. उजनीत पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिरसुद्धा बाहेर येतं. प्रत्येक अडथळ्याचे अक्षांश-रेखांश घ्या, फोटो काढा आणि त्या दिवसाचा साठा लिहा. ओलसर गाळावर पाय टाकण्याआधी काठीने चाचपा, वरून वाळलेला दिसणारा गाळ मांडीपर्यंत आत घेतो.

या जागांना वहीत वेगळे क्रमांक द्या आणि मागच्या वर्षीच्या फेऱ्यांच्या पिना त्यांच्याशी जुळवून पाहा. बऱ्याचदा "चांगली जागा" म्हणून लिहिलेल्या पिनेपासून पंधरा-वीस मीटरवर एखादा बांध किंवा ओढ्याचं वळण निघतं. तसं निघालं तर पुढच्या हंगामाच्या पहिल्या फेरीला पिनेच्या जागी न बसता त्या वळणाच्या वरच्या बाजूला बसा, आणि डाव्या पानावर जागेच्या रकान्यात दोन्ही क्रमांक लिहा.